शांत स्वभावाचं पिल्लू

प्रिय बाबा,

तुमची तब्येत ठणठणीत आहे हे आईकडून कळलं, त्यामुळे ती विचारण्यात मी शाई घालवत नाही. माझा फोन वाजला की तुम्ही उठून अंगणात जाता आणि कुत्र्याच्या पिल्लांची आधीच घासलेली वाडगी पुन्हा घासायला घेता, हेही तिनेच सांगितलं. ठीक आहे, नका उचलू. पण पत्र वाजत नाही, बाबा. ते टेबलावर नुसतं पडून राहतं, आणि पडून राहिलेली वस्तू तुम्हाला बघवत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. आज नाही तर उद्या तुम्ही चष्मा शोधाल आणि वाचाल. चष्मा आरशापाशी असेल, दाढी करताना काढून ठेवलेला.

मी जनावरांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आत पिवळीचं ऑपरेशन चालू आहे. तुम्हीच दिलेल्या पिवळीचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ लागेल, घरी जा, आम्ही फोन करू. मी म्हटलं, बसते इथेच. इथे बसून काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भांडण. कुणाशी, ते त्यांनी विचारलं नाही. असली माणसं त्यांना रोज भेटत असणार. माझ्यासमोर एक गृहस्थ मांडीवर जाळीचा खोका घेऊन बसलेत. खोक्यात मांजर आहे, आणि ते दोघंही सारख्याच नाराजीने माझ्याकडे बघताहेत. पाय सारखा हलवतेय ना मी, बाक करकरतोय.

तर भांडायला सुरुवात करते. बरंचसं तुम्हाला ठाऊक असलेलंच लिहिणार आहे, पण ते माझ्या बाजूने कसं दिसतं हे तुम्ही कधी पाहिलेलं नाही, म्हणून मुकाट वाचा.

मी ते घर आणि तो नवरा सोडून इथे दोन खोल्यांत राहायला आले तेव्हा आई रडली, मामाने फोनवर आकाशपाताळ एक केलं, आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. चूक केलीस म्हणाला नाहीत, बरं केलंस म्हणाला नाहीत. मला वाटलं, बाबांनी मला कायमचं मनातून उतरवलं. मग एके सकाळी दार वाजलं, आणि तुम्ही उभे. तुमच्या कोटाच्या आत काहीतरी हलत होतं. एवढ्या लांबून बसने, उभ्याने, ते पिल्लू छातीशी धरून तुम्ही आला होता. गळ्यात पिवळ्या लोकरीचा धागा, तुम्ही प्रत्येक वेतातल्या पिल्लांना ओळखीसाठी वेगवेगळ्या रंगाचे बांधता तसला. तुम्ही तिला माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "शांत स्वभावाची आहे. तुला काही त्रास व्हायचा नाही." मग चहा प्यायलात, दाराच्या सैल बिजागरीचा स्क्रू नाण्याने घट्ट केलात आणि आल्या पावली निघून गेलात. तुम्ही जिना उतरून गेल्यावर मी पिवळीला पोटाशी धरून खूप रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं. हे पत्र रागाचं आहे म्हणून मी ती सकाळ विसरले असं समजू नका. ती सकाळ आठवते म्हणून तर राग येतो.

तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं, पिवळीच राहिली. आणि खरंच काही त्रास नव्हता हो तिचा. लोकांची पिल्लं चपला खातात, उशा फाडतात. ही जेवायची आणि बसायची. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासता तपासता मी मिरवायचे: आमची एकदम गुणी आहे, बाबांनी निवडून दिलीय. जेवणानंतर ती कपाट आणि भिंत यांच्या सांदीत जाऊन भिंतीला कपाळ टेकवून उभी राहायची. मला वाटायचं, पलीकडून गरम पाण्याचा नळ जातो, तिथे ऊब लागत असेल. कधी टेबलाच्या पायाभोवती गोल गोल फिरायची, एकाच दिशेने, तोंडातून लाळ गळत. मी हसायचे. त्याचा फोटो काढून आईला पाठवलासुद्धा.

मग एका सकाळी मी तिला उकडलेली अंडी दिली. अंडी घाल, हाडं मजबूत होतात, असं तुम्हीच सांगितलं होतं. तिने चाटूनपुसून खाल्ली. मी दुकानात जायची तयारी करत होते आणि मागे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. पिवळी टेबलाच्या पायावर जाऊन धडकली होती. मागे सरली आणि पुन्हा तिथेच धडकली. मी बॅगेतली बॅटरी काढून तिच्या डोळ्यांत उजेड टाकला. दिवसभर तेच काम करते मी, हात आपोआप गेला. बाहुल्या नीट लहान झाल्या. डोळे उत्तम होते, बाबा, आणि तिला दिसत नव्हतं. मग तिचे पाय ताठ झाले, ती आडवी पडली आणि थरथरायला लागली. मी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि धावले. पायांत दोन वेगळ्या चपला होत्या हे इथे आल्यावर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते, म्हणजे पुन्हा 'काहीतरी खायला घातलं असशील' असं म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही. खाल्लेल्या अन्नातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं, तिथे ते गाळलं जातं आणि मग अंगभर फिरतं. पिवळीच्या पोटात एक जास्तीची रक्तवाहिनी आहे, जन्माच्या आधीपासूनची. ती यकृताला वळसा घालून जाते. म्हणजे न गाळलेलं रक्त थेट डोक्यापर्यंत. खाणं जितकं पौष्टिक तितकं तिच्यासाठी विष जास्त. मी कौतुकाने अंडी दिली, ती तिला चढली. हे कळायच्या आधी त्यांनी मला साधाच प्रश्न विचारला होता, जेवण झाल्यावर ती कशी असते? मी अभिमानाने म्हटलं, शांत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हा मला तुमची बादली आठवली.

दुपारची वाडगी उचलली गेली की तुम्ही अंगणात बादली उलटी घालून तिच्यावर बसता. मांडीवर दोन्ही हात, तोंडाने अवाक्षर नाही. कोण कुणाला लोळवतं, कोण फाटकाकडे पळतं, कोण पेंगतं, बघत राहता. मी शाळेतून आले तरी मान वळवायचा नाहीत. उपाशी असताना सगळेच उड्या मारतात, स्वभाव कळतो तो भरल्या पोटी, असं तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगता. आणि मग हा मुलाबाळांच्या घरात द्या, ही म्हाताऱ्या माणसांकडे, हा एकट्या माणसाकडे, असं तुम्ही ठरवता. लोक लांबलांबून येतात ते या बादलीवर विश्वास ठेवून. माझाही होता.

पिवळी शांत दिसली ती भरल्या पोटीच, बाबा. आईला मी फोनवर विचारलं, ती म्हणाली, अगं शांत कसली? सकाळी मी वाडगी घेऊन गेले की तीच सगळ्यांत पुढे, भावंडांच्या डोक्यांवर पाय देऊन यायची. आईला वाटायचं ही हावरट आहे. तुम्हाला वाटायचं ही शांत आहे. आईने सकाळ पाहिली आणि तुम्ही दुपार, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी वाडग्यांपलीकडे काही बोलत नाही. आता एवढ्यावरून मी भांडले नसते. ही चूक ज्याला पिल्लांचं काही पडलेलं नाही तो करूच शकत नाही, कारण तो बादलीवर बसतच नाही. जो तासन्‌तास बसतो त्यालाच ती करता येते. डॉक्टरीणबाईंनाही मी हेच सांगितलं. त्या तुम्हाला नावं ठेवतील असं वाटलं म्हणून आधीच सांगून टाकलं.

भांडण आहे ते आजार कळल्यावर मी केलेल्या आणि तुम्ही उचललेल्या शेवटच्या फोनवरच्या तुमच्या दोन वाक्यांवरून. पहिलं वाक्य, "माझ्या घरात असलं रक्त नाही." आणि मी रडायला लागले तेव्हा, आवाज खाली आणून, दुसरं: "बरं, पाठवून दे. दुसरं देतो."

दुसरं वाक्य तुम्ही मायेने बोललात, मला कळतं. परत आणा, बदलून देईन, हा तुमचा शब्द आहे आणि तो तुम्ही कधी मोडला नाहीत. लंगड्या आठवतो मला. दारात पाय सापडला म्हणून लोकांनी परत आणून टाकला, तुम्ही त्यांना दुसरं पिल्लू दिलंत आणि याला ठेवून घेतलंत. माझ्या दप्तराला टेकून झोपायचा तो, म्हातारा होऊन मेला तोही आपल्याच अंगणात. तुम्ही दुष्ट नाही हे मला कुणी पटवून द्यायला नको. पण बाबा, मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर एक काच धरते, मग ती काढून दुसरी धरते, आणि विचारते, पहिलं बरं की दुसरं? लोक गोंधळतात, पुन्हा दाखवा म्हणतात. मी नाही गोंधळले. पहिलं. मला पहिलंच हवंय. माझ्या बोटाचा वास ओळखणारं, माझ्या कपाटाच्या सांदीत डोकं टेकवून उभं राहणारं. ते बदलून देण्याची वस्तू नाही आणि मी ते परत करणार नाही, तुम्ही स्वतः बसने न्यायला आलात तरी.

राहिलं पहिलं वाक्य. लंगड्याला तुम्ही ठेवून घेतलंत कारण दोष दाराचा होता. पिवळीच्या बाबतीत दाराला दोष देता येत नाही. मोठीबाई तिची आई आणि साहेब तिचा बाप. मोठीबाईला तुम्ही बाटलीने दूध पाजून वाढवलंय, आणि साहेबाचा फोटो आपल्या बाहेरच्या खोलीत लागलाय, जिथे माझा एकही नाही. त्यांच्याबद्दल कुणी ब्र काढलेला तुम्हाला चालत नाही. मी काढतेय. डॉक्टरीणबाई म्हणतात, असा दोष वंशातून येऊ शकतो, दोन्हीकडून थोडा थोडा, आणि आईबाप वरून धडधाकट दिसतात. ही जोडी पुन्हा लावायची नाही आणि या वेतातली बाकीची पिल्लं तपासून घ्यायची, असं त्यांनी मला बजावलं. त्याच संध्याकाळी आईने सांगितलं की मोठीबाई पुन्हा माजावर यायला झालीय आणि तुम्ही तिला साहेबाजवळच सोडणार आहात.

नाही सोडायचं. ही विनंती नाही. तुमच्यासमोर मी आजवर विनंतीसुद्धा कधी केली नाही, त्यामुळे हे वाचून तुमच्या भुवया कुठे गेल्या असतील ते मला इथून दिसतंय.

आतून बोलावताहेत. पेन ठेवते.

*

पत्र इथपर्यंत लिहून बॅगेत राहिलं ते बरेच दिवस. मोठीबाईला तुम्ही अजून साहेबाजवळ सोडलेलं नाही असं आई म्हणते, म्हणून वरचं सगळं तसंच ठेवतेय. आता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुढे लिहितेय. वरच्या पानाच्या कोपऱ्याला दात लागलेत, ते कुणाचे ते पुढे येईलच.

ऑपरेशन झालं. त्या वाट चुकलेल्या रक्तवाहिनीभोवती त्यांनी एक छोटंसं कडं बसवलंय. ते ओलाव्याने आतून फुगत जातं आणि वाहिनी हळूहळू, आठवडे घेत बंद करतं. एका झटक्यात बंद का करत नाही म्हणून मी विचारलं. तर म्हणाल्या, या यकृताला कामाची सवयच नाही, सगळं रक्त एकदम अंगावर आलं तर ते कोलमडेल. त्याला थोडं थोडं शिकवावं लागतं. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पुन्हा झटके येऊ शकतात असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि एकदा आलेही. मी दवाखान्याच्या फरशीवर बसून तिच्या कानात वेड्यासारखी बोलत होते. काय बोलत होते ते नीट आठवत नाही, पण तिथली परिचारिका मला नंतर म्हणाली, ताई, तुम्ही तिला दम देत होता. असेन देत. जगली पाहिजेस असं हळू आवाजात सांगून भागत नाही.

जगली. घरी आली. साखरेच्या पाकासारखं एक औषध आणि भात, उकडलेल्या भाज्या, असं बेचव जेवण तिला चालू आहे, आणि आता ऐका. एका दुपारी ती जेवली. मी सवयीने कपाटाच्या सांदीकडे बघत बसले. ती सांदीत गेलीच नाही. तिने माझी घरातली चप्पल उचलली, खोलीच्या मधोमध आणली, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा पट्टा तोडला. मग ती भुंकली. बाबा, इतके दिवस ती माझ्याकडे आहे आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कर्कश आहे, अगदी पत्र्यावर खिळा घासावा तसा. तेव्हापासून थांबलेली नाही. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकते, नळ गळला की भुंकते, कपाटाच्या आरशातल्या स्वतःवर भुंकते. खालच्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई तक्रार घेऊन वर आल्या. त्यांच्या शिकवण्या चालतात आणि म्हणे आमचं पिल्लू विद्यार्थ्यांपेक्षा वरच्या पट्टीत सूर लावतं. मी त्यांचा हात धरून थँक्यू म्हणाले. बाई घाबरून गेल्या बिचाऱ्या. दुसऱ्या दिवशी मी जाऊन सगळं सांगितलं, तर आता त्याच दुपारी येऊन तिला औषध पाजतात आणि तिला शिव्याही घालतात, सुरात.

ती शांत नाहीच, बाबा. डांबरट आहे, भांडकुदळ आहे, एक नंबरची हट्टी आहे. हा तिचा स्वभाव. आधी होता तो आजार होता.

हे मी दोनदा लिहून पाहिलं आणि दोन्ही वेळा हात थांबला, कारण मला दुसरंच काही आठवत होतं. तेही लिहूनच टाकते. मला बघायला म्हणून सासरची माणसं आपल्याकडे आली होती. मी आतून पाण्याचे पेले घेऊन येत होते आणि तुम्ही त्यांना सांगत होता, "आमची गोगलगाय आहे हो. शांत स्वभावाची. तुम्हाला काही त्रास व्हायचा नाही." अगदी हेच शब्द. तुम्ही कौतुकाने बोललात, आणि मला तेव्हा ते कौतुक आवडलंसुद्धा. त्या घरात मी खरंच शांत होते. ताटावर शांत, ताटावरून उठल्यावर शांत. मोरीशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले तरी सगळ्यांना वाटायचं, भांडी विसळतेय. तुम्ही मधूनमधून यायचात, जेवायचात, माझ्याकडे बघायचात. तुम्ही बघत नव्हता असं मी म्हणणार नाही. आणि घरी जाऊन आईला सांगायचात, छान आहे, शांत आहे. तिथे मला काय होत होतं ते मी आजही लिहिणार नाही, आणि तुम्ही विचारू नका. एवढंच लिहिते, की तो स्वभाव नव्हता.

आणि हेही लिहिते, की तुम्हाला ते कळलं होतं. उशिरा, पण कळलं. नाहीतर उभ्याने बसने पिल्लू घेऊन कोण येतं? दुसऱ्या कुणाची बिजागरी तुम्ही न विचारता दुरुस्त केल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला सॉरी म्हणता येत नाही, म्हणून तुम्ही स्क्रू पिळता. मी ते घेतलं, मनापासून घेतलं. पण या वेळी स्क्रू पिळून भागणार नाही, कारण या वेळी ज्यांच्याशी बोलायचंय त्या लोकांना तुमची भाषा येत नाही.

तर आता हे पत्र कशासाठी, ते. पिवळीबरोबरची तीन पिल्लं कुणाकडे गेली ते मी आईला विचारलं आणि तिघांनाही फोन केले. आईवर रागवायचं नाही. नंबर देताना ती घाबरली होती, तरी दिले. लाल धाग्याचा बेकरीवाल्याकडे आहे. त्याने भट्टीसमोरचं पायपुसणं खाल्लंय आणि त्याचं रक्त तपासून झालं, तो बरा आहे. निळा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडे आहे, तोही बरा आहे. हिरवी त्या निवृत्त मुख्याध्यापिकांकडे गेली, तुम्हीच जोडी जमवलीत, म्हाताऱ्या माणसाला शांत सोबत हवी म्हणून. बाई फोनवर इतक्या कौतुकाने बोलत होत्या. म्हणाल्या, किती विचारी पिल्लू दिलंय हो तुमच्या वडिलांनी. जेवण झालं की भिंतीला डोकं टेकवून उभी राहते, अगदी गणित सोडवत असल्यासारखी. मी त्यांना मध्येच थांबवलं, बाबा. मग सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग वर्गात विचारावं तसं विचारलं, "हे मला तुमच्या वडिलांनी का नाही सांगितलं?" तोंडावर आलं होतं की ते फोन उचलत नाहीत, ते वाडगी घासतात. पण मी म्हटलं, "ते सांगतील." तुमच्या वतीने शब्द देऊन बसलेय मी, तुम्हाला न विचारता. हिरवीवर औषध सुरू झालंय, तिचं ऑपरेशन व्हायचंय, बाई घाबरल्या आहेत आणि रविवारी दुपारी त्या तुम्हाला फोन करणार आहेत. मुद्दाम तुमच्या बादलीची वेळ सांगितली मी. रविवारी सकाळच्या बसने मी पिवळीला घेऊन येतेय. तिला आधी उपाशी बघा, मग भरल्या पोटी बघा, आणि मग मोठीबाईबद्दल काय ते माझ्या डोळ्यांकडे बघून बोला. दुपारी दुसरी बादली उलटी घालून मी तुमच्या शेजारी बसेन. फोन वाजला की उठून नळाकडे जायचं नाही. उचलायचा, आणि माझ्याच घरातलं रक्त आहे, एवढं म्हणायचं. त्यापुढे शब्द सुचले नाहीत तर फोन माझ्या हातात द्या. मी बोलेन. मला आता येतं.

तुमचीच,
एके काळची गोगलगाय